सोलापूर कॅमेऱ्यातून: तळं, किल्ला, माग आणि गड्डा

सोलापुरात उतरणारा माणूस बहुधा पंढरपूर, तुळजापूर नाहीतर अक्कलकोटच्या वाटेवर असतो. सिद्धेश्वराचं दर्शन, दोन चादरी, पाव किलो शेंगा चटणी, की गाडी पुढे. कॅमेरा घेऊन येणाऱ्याने मात्र या शहराला निदान दोन पूर्ण दिवस द्यावेत आणि बेत उन्हाच्या वेळा पाहून आखावा. इथली हवा कोरडी आहे. सकाळी नऊनंतर ऊन पांढरं पडायला लागतं आणि दुपारी चारपर्यंत किल्ल्याचा काळा दगडसुद्धा फोटोत राखाडी आणि सपाट दिसतो. बाहेरची ठिकाणं दिवसाच्या दोन टोकांना घ्या, मधला वेळ छताखाली घालवा. हा वृत्तांत संक्रांतीच्या आसपासच्या फेरीचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेव्हा यायचंच असेल तर सकाळी सहा ते आठ एवढेच दोन तास हाताशी आहेत असं धरा.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रभर धावून सकाळी पोचवते. पण पहिल्या सकाळचं ऊन तळ्यावर गाठायचं असेल तर आदल्या रात्रीच पोचणं बरं. मुंबईहून वंदे भारत आणि पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस, दोन्ही रात्री आणून सोडतात. मुक्काम स्टेशन ते पार्क चौक या पट्ट्यात ठेवा. किल्ला, तळं, इंद्रभुवन आणि चार हुतात्मा चौक हे सगळं तिथून चालत किंवा रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत होतं.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो. साडेसहाला सिद्धेश्वर तळ्याच्या पश्चिम काठावर, म्हणजे किल्ल्याच्या बाजूला, उभं राहा. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे झुकून उगवतो आणि मंदिरही त्याच अंगाला असल्यामुळे शिखराची काळी आकृती आणि मागचं तांबडं एका चौकटीत बसतं. उगवतीपूर्वीची वीस मिनिटं उगवतीपेक्षा जास्त मोलाची, कारण तेव्हा वारा नसतो आणि मंदिराचं प्रतिबिंब अखंड मिळतं. आठनंतर पाण्यावर लहरी सुरू झाल्या की ते तुटतं. कॅमेरा जितका पाण्याच्या जवळ न्याल तितकं प्रतिबिंब मोठं दिसतं, म्हणून पायरीवर बसूनच फोटो घ्या. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावला असेल तर फिरवून बघा. एका कोनात तो प्रतिबिंबच पुसून टाकतो आणि लोक उगाच तळ्याला दोष देतात. काठाशी निर्माल्य आणि शेवाळ असतं. ते टाळायला जागा बदला, कारण नंतर ते संगणकावर काढत बसणं फार किचकट जातं.

मंदिरात चपला बाहेर. आवारात कोणी अडवत नाही, पण गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवण्याआधी विचारा. हे जागतं देवस्थान आहे. सिद्धेश्वर, म्हणजे शिवयोगी सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, आणि आजही शहरातलं कुठलंच शुभकार्य त्यांच्या नावाशिवाय सुरू होत नाही. दर्शनाच्या रांगेतल्या माणसाच्या तोंडासमोर भिंग धरणं कुणालाच आवडत नाही.

भुईकोट किल्ल्यात हुतात्मा बागेच्या बाजूने जायचं. किल्ला बहमनी काळातला, दुहेरी तटाचा. तीन बाजूंना खंदक आणि पूर्वेला तळं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे तिकीट लागतं. हातातल्या कॅमेऱ्याला हरकत नसते, पण तिपाईला (ट्रायपॉडला) परवानगी लागते, तेव्हा ती खोलीवरच ठेवा. पूर्ण तट एका चौकटीत घ्यायच्या नादात बहुतेकांचे फोटो फसतात. इथलं खरं काम जवळून पाहण्याचं आहे. तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत: कुठे खांबाचा तुकडा, कुठे अर्धी नक्षी, कुठे आडवी बसलेली मूर्ती. समोरून ऊन असेल तर हे कोरीवकाम दिसतच नाही. ऊन भिंतीला घासून जात असेल अशी वेळ निवडा, म्हणजे अर्धा सेंटीमीटर खोल रेषाही सावली टाकते. दक्षिणोत्तर धावणाऱ्या भिंतींवर असं तिरपं ऊन सकाळी उशिरा किंवा दुपारी लवकर मिळतं, आणि दिवसाच्या कडक उन्हाचा उपयोग होतो तो एवढाच. संध्याकाळी पाचच्या सुमारास पूर्वेच्या तटावर या. सूर्य पाठीशी असतो, समोर तळं आणि मंदिर उजळलेलं. सकाळी जे काळ्या आकृतीत घेतलं तेच आता रंगात. मात्र बंद होण्याची वेळ आत जातानाच विचारून ठेवा. मावळतीपर्यंत थांबू देतील असं गृहीत धरू नका.

इंद्रभुवन म्हणजे महापालिकेची जुनी इमारत, मुळात अप्पासाहेब वारद यांचा वाडा. कमानी, खांब, शिल्पं यांनी दर्शनी भाग इतका भरलेला आहे की एका फोटोत सगळं कोंबलं तर काहीच दिसत नाही. शक्यतो रविवारी सकाळी जा. कामाच्या दिवशी समोर गाड्यांची रांग लागते आणि इमारतीचा पायाच झाकला जातो. जवळून रुंद भिंगाने वर तोंड करून घेतलं की खांब मागे कलंडलेले दिसतात. मागे सरका, कॅमेरा वर न कलवता सरळ समोर धरा, मोबाइल असेल तर दोनपट झूमवर घ्या आणि खालचा अनावश्यक रस्ता नंतर कापा. कार्यालयाच्या आत फोटो काढायचे तर लेखी परवानगीच लागते.

चार हुतात्मा चौक वाटेतच आहे. मे १९३० मध्ये सोलापूरने काही दिवस इंग्रजांचा अंमलच मोडून काढला, मग लष्करी कायदा आला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. दिवसा मागे फलक आणि तारा येतात. रात्री दिवे लागल्यावर पार्श्वभूमी काळी होते आणि पुतळे सुटे दिसतात. त्या १२ तारखेला शहरात असाल तर सकाळी अभिवादनाला येणारी माणसं हाच खरा फोटो.

दुपारचा वेळ पूर्व भागाला द्या. अशोक चौक, साखर पेठ, दत्तनगर, पुढे अक्कलकोट रोडची एमआयडीसी. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि दोन्ही या भागातल्या यंत्रमागांवर विणले जातात. इथे तेलुगू सर्रास बोललं जातं. अण्णा, अक्का अशी हाक मारून आधी बोला, कॅमेरा पिशवीतच ठेवा. कारखान्याच्या मालकाची परवानगी घ्या, पण मागावर उभ्या असलेल्या माणसालाही वेगळं विचारा. चहाच्या वेळेला गेलात तर बोलणं सोपं होतं. सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर बंद शटरचेच फोटो मिळतील.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच काढू नका. आवाजाला कान आणि उजेडाला डोळे सरावू द्या. मग वर बघा. चादरीच्या मागावर डोक्याशी जकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, असतं आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. प्रत्येक पुठ्ठा एका आडव्या धाग्याचा हुकूम असतो: जिथे भोक तिथला उभा धागा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला खालीच राहतो. चादरीवरची वेलबुट्टी अशी एकेका ओळीने उतरते. पुठ्ठ्याच्या कडा हाताळून काळ्या पडलेल्या, भोकांतून मागचा उजेड ठिपक्यांसारखा येणारा, खाली रंगीत ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ. लांब भिंगाने, बाकीचा माग वगळून, एवढंच घ्या. शहरातला सगळ्यात देखणा तपशील हाच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तांत्रिक अडचणी इथे तीन येतात. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, त्यामुळे शटरचा वेग १/२५० सेकंद वगैरे ठेवला की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवा. मोबाइलमध्ये प्रो मोड नसेल तर सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा. दुसरी अडचण फरशीची. वीस-पंचवीस माग एकदम चालत असताना जमीन थरथरते आणि तिपाईवरचे फोटो हातातल्यापेक्षा जास्त हलतात. कोपर अंगाशी घट्ट धरा, पण मागाला टेकू नका. तिसरी अडचण तुसाची. हवेत कापसाचा तूस सतत तरंगत असतो, म्हणून आत भिंग बदलू नका आणि काच कपड्याने पुसू नका. रबरी फुंकणीने तूस उडवा. धोट्याची, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याची, धावती रेघ हवी असेल तर १/१५ पर्यंत उतरा, माणसाचा चेहरा स्थिर असतो तो क्षण पकडा.

आणि सुरक्षेचं. मागाच्या दोन्ही टोकांना, धोट्याच्या रेषेत, कधीही उभं राहू नका. धोटा निसटून उडाला तर तो थेट त्याच दिशेने येतो. समोर किंवा मागे थांबा. ओढणी, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा, सुटे केस आवरून घ्या, कारण मागाचे पट्टे उघडेच फिरतात. रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या दिसल्या तर तिथेही विचारून जा. अंगणात ऊन कडक असलं तरी लडींच्या रांगांमधल्या सावलीत रंग सुंदर येतात.

याच रस्त्याने पुढे कुंभारीला रे नगर आहे. विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. सारख्या इमारतींच्या लांबच लांब रांगा, मध्ये वाळत घातलेले कपडे. नव्या सोलापूरचं चित्र हवं असेल तर दुपारी चारनंतर, सावल्या लांब झाल्यावर, इथे या. उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. त्यांची मजुरी नगावर असते, तेव्हा परवानगी मिळाली तरी पोज द्यायला लावून हात थांबवू नका.

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत येणार असाल तर आधीचं सगळं वेळापत्रक बाजूला ठेवा. साधारण १३ जानेवारीला ६८ लिंगांना तैलाभिषेक, १४ ला अक्षता सोहळा, १५ ला होमविधी, १६ ला होम मैदानावर शोभेचं दारूकाम, १७ ला कप्पडकळी हा यात्रेच्या समारोपाचा विधी. संक्रांत एक दिवस पुढे गेली तर तारखाही सरकतात, म्हणून त्या वर्षीची पत्रिका बघा. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच सजवलेल्या काठ्या, हिरेहब्बू वाड्यापासून निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला (बंदांनी बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातला) एकच माणूस जवळजवळ तीस फुटांची काठी कमरेशी पेलून चालतो, बाकीचे सांभाळायला सोबत. उन्हात बाराबंदी फटफटीत पांढरी होऊन घडीसुद्धा दिसत नाही, तेव्हा कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी (स्टॉप) कमी करा. चौकट उभी ठेवा. डोक्यावर तारा नसलेला रस्त्याचा तुकडा आदल्या संध्याकाळी हेरून ठेवा, जुन्या शहरात अशा जागा फार थोड्या आहेत. काठी डोलते आणि पेलणाऱ्याला समोरची मोकळी वाट लागते, म्हणून त्याच्यापुढे उलटं चालत फोटो घेऊ नका. कडेला थांबा आणि त्याला जाऊ द्या.

अक्षता सोहळा दुपारी संमती कट्ट्यावर होतो. सिद्धरामेश्वरांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांचा हा प्रतीकात्मक विवाह. तीन तास आधी जागा धरली नाही तर फक्त डोकी दिसतात. संमती वाचताना ‘सत्यम सत्यम नित्यम नित्यम’ आलं की चारही बाजूंनी अक्षता उधळतात. ते ऐकू आल्यावर कॅमेरा उचललात तर उशीर झाला. आधीपासून १/१००० शटर, फोकस हाताने कट्ट्यावर बांधलेला आणि सलग फोटो घेण्याची सोय चालू ठेवा. तांदूळ उन्हाच्या विरुद्ध बाजूने घेतले तर चमकतात. दारूकामाला आयएसओ १००, एफ ११ आणि दोन ते चार सेकंद पुरतात. पहिल्या दहा मिनिटांतच घ्या, नंतर धूर साचतो.

शहराबाहेर तुळजापूर रोडवर हिप्परग्याचा तलाव आहे, हिवाळी पाणपक्ष्यांसाठी. ४०० मिलिमीटरपेक्षा लहान भिंग असेल तर पक्ष्यांऐवजी विस्तीर्ण पाणी आणि मावळतीच घ्या. बार्शी रोडवरचं नान्नजचं माळढोक अभयारण्य सुमारे २२ किलोमीटर. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका. काळवीट आणि हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी मात्र सकाळच्या सोनेरी गवतात उत्तम मिळतात. वनखात्याची परवानगी आणि माहीतगार सोबत घ्या, रस्ता सोडून गाडी गवतात घालू नका. जमिनीवर घरटी असतात.

ड्रोन आणणार असाल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनबंदीचा नकाशा आधी बघा. होटगी रोडचा विमानतळ शहराला लागून आहे आणि किल्ल्यावर तर पुरातत्त्व खात्याचीही परवानगी लागते. पुण्याकडे परतणारी हुतात्मा सकाळी लवकर सुटते, त्यामुळे त्या गाडीचं तिकीट काढलं असेल तर तळ्यावरचं काम आदल्या सकाळीच उरकून घ्या.