आठ साती छप्पन्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि आठवले ते आमचे गणिताचे सरच. सहली, स्नेहसंमेलनं, मैदान यांवर बाकीचे लिहितीलच. मला सांगायचंय ते सर ऋण गुणिले ऋण कसं शिकवत त्याबद्दल.

नियम सांगून सर मोकळे होत नसत. चौकटीच्या वहीतला १० बाय १० घरांचा चौरस कापायला लावत. उजवीकडून ३ घरं रुंदीची उभी पट्टी कापायची. ३० घरं गेली. मग खालून २ घरं रुंदीची आडवी पट्टी. ती २० घरांची व्हायला हवी, पण हातात येते १४ घरांची, कारण कोपऱ्यातली ६ घरं पहिल्या पट्टीबरोबरच गेलेली असतात. उरतो ७ बाय ८ चा तुकडा, आठ साती छप्पन्न.

आता हेच फळ्यावर:
(१० − ३) × (१० − २) = १०० − २० − ३० + (−३) × (−२)

पहिल्या तीन पदांचे झाले ५०. कोपऱ्यातली ६ घरं दोनदा वजा झाली, ती एकदा परत मिळवावी लागतात. शेवटचं पद −६ धरलं तर उत्तर येतं ४४. +६ धरलं तरच ५६.

कागदाला ऋण लांबी नसते, म्हणून सर पुढची पायरीही घेत. २ + (−२) = ०, म्हणून (−३) × [२ + (−२)] सुद्धा ०. कंस सोडवला की (−३) × २ म्हणजे −६, आणि −६ मध्ये (−३) × (−२) मिळवल्यावर शून्य यायला हवं, म्हणून ते +६ च. वितरणाचा नियम (कंसाबाहेरच्या संख्येने आतल्या प्रत्येक पदाला गुणायचं) ऋण संख्यांनाही लागू ठेवायचा तर दुसरं उत्तर शक्यच नाही. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवलाय, हे सर आवर्जून सांगत.

नुसतं 'वजा वजा अधिक' घोकलं की काय होतं, तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलं −३ − ४ चं उत्तर +७ लिहितात. तिथे गुणाकार नाहीच, उत्तर −७. −३² चे ९ करतात. ९ हे (−३)² चं, कंस नसेल तर वर्ग फक्त ३ चा, म्हणून −९. आणि ८ − (अ − ५) सोडवताना ५ चं चिन्ह बदलायचं राहतं. या तिन्ही जागा सर वहीत लाल शाईने चौकट करून दाखवत. असे शिक्षक मी पुन्हा पाहिले नाहीत.

हल्ली 'शत्रूचा शत्रू तो मित्र' सांगून हा धडा उरकतात. नियम लक्षात राहतो, पण बेरजेत तो का चालत नाही याचं उत्तर त्यात नाही. नव्या इमारतीतल्या गणितकक्षात स्मार्ट बोर्ड लागलाय, छानच. शेजारी चौकटीच्या कागदांचा गठ्ठा आणि कात्र्याही ठेवाव्यात. तो खर्च आमची बॅच उचलेल.