बाबांची पेटी
आज बाबांचं वर्षश्राद्ध. पंगत उठली, पाहुणे गेले, आणि माझ्या लेकीने कपाटावरची पेटी खाली काढायला लावली. वर्षभर कुणी हात लावला नव्हता. भाता आधी नुसता फुसफुसला, मग सूर लागला. काळी दोन, बाबांची पट्टी. तिने भूप राग वाजवला. मध्यम-निषाद वर्ज्य, पाचच स्वर. बाबांचं तिला तेवढंच शिकवून झालं होतं.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनला मैफल असली की ते घरातल्या सगळ्यांची तिकिटं काढायचे. एकट्याने ऐकलेलं गाणं त्यांना अर्धंच वाटायचं. मग तलावपाळीवर भेळ, आणि मासुंदा तलावाच्या काठाने गुणगुणत घरी.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. लेक थांबली तशी म्हणाली, "अजून एकदा वाजव गं."