न्यू हार्टली : कोळशाच्या गावात कुळांचा माग

न्यूकॅसलहून अ‍ॅशिंग्टनची गाडी पकडायची आणि सीटन डेलाव्हलला उतरायचं. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधली ही लाइन मुळात कोळशाच्या वाहतुकीसाठीच टाकलेली. १९६४ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, त्या १५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा सुरू झाल्या. स्टेशनवरून न्यू हार्टलीला चालतच जावं, अर्ध्या तासाची वाट आहे. पोचल्यावर पहिला प्रश्न पडतो, खाण कुठे गेली? धुराडं नाही, चाक नाही, कोळशाचा ढीग नाही. घरांच्या वस्तीत एक छोटी बाग लागते. हेस्टर पिट नावाच्या खाणीची बुजवलेली विहीर, म्हणजे खाली उतरायची उभी वाट, तिथेच आहे.

गुरुवार, १६ जानेवारी १८६२. सकाळी साडेदहाच्या सुमारास पाणी उपसणाऱ्या इंजिनाची ओतीव लोखंडी तुळई मधोमध तुटली. वजन ४३ टन. त्यातलं निम्मं धूड थेट विहिरीत कोसळलं, आतले लाकडी पडदे आणि आधार तोडत खाली गेलं आणि वाट बुजली. खाणीला विहीर एकच होती. त्यातून पाळी बदलण्याची वेळ, म्हणजे आलेले आणि जाणारे, दोन्हीकडचे लोक खाली. २०४ माणसं आणि मुलं गेली. २२ जानेवारीला वाट मोकळी झाली तेव्हा आत कोणीही जिवंत नव्हतं, विषारी वायूने सगळ्यांना गाठलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला : प्रत्येक कोळसा खाणीला बाहेर पडायचे निदान दोन मार्ग हवेत.

या गावातल्या कुटुंबांचा इतिहास शोधायचा तर सुरुवात गावातून करू नका, अर्सडनहून करा. रस्त्याने ते पाचेक किलोमीटर दक्षिणेला आहे. मेट्रोने येणाऱ्यांना वेस्ट मंकसीटन स्टेशन जवळ पडतं. तिथल्या सेंट अल्बन चर्चच्या आवारात, जिथे बहुतेकांना रविवार, २६ जानेवारीला पुरलं, एक निमुळता दगडी स्तंभ आहे. त्याच्या बाजूंवर नावं आणि वयं कोरलेली आहेत. फोटो काढायचा तर ऊन तिरपं असताना काढा. माथ्यावरच्या उन्हात झिजलेली अक्षरं सपाट दिसतात आणि ३ की ८ हे कळत नाही. दगडावर खडू किंवा पीठ चोळू नका, त्याने दगड खराब होतो. एका बाजूने विजेरीचा झोत टाकला तरी अक्षर उठून दिसतं. आणि सगळेच इथे नाहीत, काहींना आसपासच्या दुसऱ्या गावांत पुरलं आहे, म्हणून अर्सडनच्या दफन-नोंदवहीत नाव मिळालं नाही तर लगेच थांबू नका.

आता खरं काम. स्तंभावरच्या यादीशेजारी १८६१ ची जनगणना ठेवायची. ती झाली ७ एप्रिलला, म्हणजे अपघाताच्या नऊ महिने आधी. इतकी जवळची जनगणना मिळणं हे या गावाच्या बाबतीत मोठंच बळ आहे : कोण कुणाच्या घरी राहत होतं, कुठल्या घरातला बाप आणि किती मुलगे एकाच दिवशी गेले, हे घर-घर जुळवता येतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या जनगणनेची खूण 'आरजी ९' अशी आहे. वंशावळीच्या संकेतस्थळांवर पानांच्या प्रतिमा मिळतात. नुसत्या सूचीवर विसंबू नका, प्रतिमा उघडून पाहाच.

प्रतिमा पाहताना आधी गणकाच्या वहीची पहिली पानं वाचा. तो कुठून निघाला, घरांच्या कोणत्या ओळी घेत गेला, हे त्याने तिथे लिहिलेलं असतं. सूचीवरून सरळ एखाद्या नावावर उडी मारली की हे पान हातचं जातं आणि मग घर नकाशावर बसवताच येत नाही. डाव्या रकान्यातला क्रमांक बिऱ्हाडाने भरलेल्या अर्जाचा असतो, घराचा नव्हे. ही चूक फार होते. नावांशेजारी दोन तिरप्या रेघा असतील तर घर संपलं, एकच असेल तर त्याच घरात दुसरं बिऱ्हाड सुरू झालं. खाणीच्या ओळींमध्ये भाडोत्री, मेहुणे, पुतणे असे दाटीने राहत, त्यामुळे ही रेघ सोडली तर एका कुटुंबाची माणसं दुसऱ्याच्या नावावर जातात.

धंद्याचा रकाना वाचण्यासाठी उत्तर-पूर्वेची बोली कानात हवी. कोळसा तोडतो तो ह्युअर. भरलेल्या गाड्या ढकलतो तो पटर, बहुतेक तरुण पोरगा. हवेसाठी लावलेलं दार उघडझाक करणारा लहानगा ट्रॅपर. विहिरीच्या तळाशी पाळण्यात, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या पिंजऱ्यात, माणसं-माल चढवणारा ऑनसेटर आणि वर उतरवून घेणारा बँक्समन. पटर हा शब्द सूची करणाऱ्याने पॉटर वाचला की कोळशाच्या गावात अचानक कुंभार उगवतो. ट्रॅपरचं वय मात्र जपून घ्या. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना आणि सगळ्या स्त्रियांना जमिनीखाली बंदी आली, १८६० च्या कायद्याने लिहिता-वाचता येत नसलेल्या मुलांसाठी ही मर्यादा बारावर नेली. कायद्याने वयावर काम मिळणं ठरू लागलं की वयाचा आकडा बापाच्या तोंडून कसा येईल ते सांगता येत नाही. बाप्तिस्म्याची नोंद शोधून ताडून पाहा.

सगळ्यात बोलका रकाना जन्मस्थळाचा. समजा, बाप वायलमचा, थोरला मुलगा किलिंगवर्थला जन्मलेला, मधला सेगहिलला, मुलगी क्रॅमलिंग्टनला आणि धाकटा अर्सडनमध्ये. ही जन्मगावांची यादी म्हणजे बापाच्या नोकऱ्यांची यादी. खाणकामगार कराराने बांधलेला असे. शेजारच्या डरहॅममध्ये वर्षाचा करार, म्हणजे बाँड, १८७२ पर्यंत चालला. करार संपला की गाडीवर सामान चढवून पुढच्या खाणीला. म्हणून एकाच गावात तीन पिढ्या शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. शोधाचा धागा गाव नाही, खाण आहे. मुलांच्या वयांवरून कोणत्या साली कुटुंब कुठे होतं हे कागदावर मांडा आणि त्या-त्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, नोंदी काढा. १८४१ च्या जनगणनेत ही सोय नाही, तिथे 'याच काउंटीत जन्म' याला हो किंवा नाही एवढंच, आणि पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली. चोविसाचा तरुण तिथे विसाचा दिसतो.

हार्टली या नावानेही फसगत होते. समुद्रकाठचं जुनं हार्टली वेगळं, हे न्यू हार्टली वेगळं, आणि हार्टली नावाची गावं केंट-कंब्रियातही आहेत. नागरी नोंदणीत, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यूच्या सरकारी नोंदीत, हे गाव टाइनमथ जिल्ह्यात येतं. या नोंदी ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत १८६२ ची पहिली तिमाही, टाइनमथ, खंड १०बी असा शोध लावा. जुन्या छापील सूचीत नसलेल्या दोन गोष्टी इथे आहेत : मृताचं वय आणि जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव. एकाच गावात एकाच नावाचे तिघे-चौघे असतात, कारण थोरल्याला आजोबाचं नाव ठेवायची रीत. वय आणि आईचं आडनाव नसेल तर ते सुटे करता येत नाहीत. प्रमाणपत्राची छापील प्रत मागवण्याआधी डिजिटल प्रत मिळते का पाहा, ती बरीच स्वस्त पडते.

मृत्यूची तारीख म्हणून १६ जानेवारी डोळे झाकून लिहू नका. आत सापडलेल्या जेम्स अमॉस या मुकादमाच्या टिपणवहीत शुक्रवार दुपारी अडीचची नोंद आहे. तुळई पडून अठ्ठावीस तास झाल्यावरही काही जण जिवंत होते. तीच नोंद पुढे सांगते की पावणेदोनला प्रार्थनासभा झाली. आत अडकून लिहिलेल्या त्या चार ओळी वाचताना हात थांबतो. शोधणाऱ्यासाठी त्यात एक दिशाही आहे : या भागातले कितीतरी खाणकामगार मेथडिस्ट, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या पंथाचे, होते. बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत नसेल तर प्रिमिटिव्ह मेथडिस्ट या त्यांच्या शाखेच्या सर्किटच्या, म्हणजे चॅपलांच्या गटाच्या, वह्या काढा.

त्या वह्यांसाठी वुडहॉर्नला जावं लागतं. अ‍ॅशिंग्टन हे लाइनचं शेवटचं स्टेशन, तिथून पायी अर्धा तास धरा. वुडहॉर्न खाण १९८१ मध्ये बंद झाली; तिच्याच आवारात आता संग्रहालय आणि नॉर्थम्बरलँडचं अभिलेखागार आहे. वाचनकक्षाची वेळ आधी ठरवून घ्या, पत्त्याचा पुरावा न्या, पेन्सिल न्या. शाईचं पेन आत चालत नाही. न्यूकॅसलचा बिशपप्रांत १८८२ मध्ये निघाला, त्याआधी हा सगळा मुलूख डरहॅमकडे. म्हणून १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं आणि पॅरिश-वह्यांच्या बिशपकडे गेलेल्या नकला डरहॅम विद्यापीठात शोधायच्या. एका दिवसात दोन्ही ठिकाणं उरकत नाहीत.

काय मिळणार नाही तेही माहीत असावं. घर खाणमालकाचं, नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबर जायचं; त्यामुळे घरपट्टीच्या वह्यांत मालकाचंच नाव. मतदारयाद्यांत खाणकामगार भरघोस दिसू लागतात ते मतदानाचा हक्क वाढवणाऱ्या १८८४ च्या कायद्यानंतर. १९४७ मध्ये खाणी सरकारी झाल्या, त्याआधीच्या कंपन्यांचे नोकरपट फारच थोडे उरलेत. १९३१ ची जनगणना आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. तिथे २९ सप्टेंबर १९३९ च्या नोंदपटावर भागवावं लागतं.

नकाशासाठी मात्र घराबाहेर पडायला नको. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट पाहता येतात. मैलाला पंचवीस इंच अशा मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर ओळीतलं प्रत्येक घर, मागचा रस्ता, पाण्याचा नळ, शाळा, चॅपल दिसतं. शेजारी आजचं उपग्रहचित्र उघडा आणि गणकाची वाट बोटाने फिरवा.

बहुतेकांचा शोध जिथे तुटतो ते म्हणजे बायका. नवरा गेला, मुलगे गेले, आणि १८७१ च्या जनगणनेत ती त्या आडनावाने कुठेच नसते. ती मेली असं धरून लोक फाइल बंद करतात. आधी टाइनमथ जिल्ह्यातले १८६२ नंतरचे विवाह बघा. विवाह प्रमाणपत्रावर 'विधवा' लिहिलेलं असतं आणि तिच्या बापाचं नाव व धंदाही असतो, म्हणजे माहेर परत सापडतं. मग १८७१ च्या पानावर नव्या नवऱ्याचं घर काढा, खूण 'आरजी १०'. घरातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलापुढे 'सन-इन-लॉ' दिसलं तर तो जावई नव्हे. त्या काळी सावत्र मुलालाही तेच म्हणत. त्याचं आडनाव वेगळं असेल, जन्मस्थळ हार्टली किंवा अर्सडन. ते आडनाव घेऊन पुन्हा अर्सडनच्या स्तंभापाशी जा आणि त्याचा बाप कोणत्या बाजूला आहे ते पाहा.