सई धक्का द्यायची, बंडू वाट अडवतो

आमची कुत्री सई चालता चालता धक्का द्यायची. मुद्दाम, कमरेने, आपण बाजूला सरकेपर्यंत. ती सात-आठ महिन्यांची होईपर्यंत मला ते लाड वाटायचे. मग एकदा भाचरं अंगणात खेळत होती आणि सईने एकेकाला खांद्याने रेटत सगळ्यांना एका कोपऱ्यात गोळा केलं. चावली नाही, गुरगुरली नाही. गोळा केलं आणि समोर उभी राहिली. त्यात चार वर्षांचा धाकटा आपटला, गुडघा फुटला. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं, पण अंगात वजन होतं.

ओळखीतले बरेच जण मला विचारतात, रॉटवायलर घेऊ की बुलमॅस्टिफ? दोन्ही मोठे, दोन्ही राखणीचे, मग फरक कसला? सई रॉटवायलर होती, साडेनऊ वर्षं आमच्याकडे होती. बंडू बुलमॅस्टिफ, आता सात वर्षांचा आहे. माझ्या मते सगळा फरक त्या धक्क्यात आहे.

रॉटवायलर हे मुळात गुरं हाकणारं कुत्रं. दक्षिण जर्मनीतलं रोटवाइल हे गुरांच्या व्यापाराचं गाव. तिथले खाटीक आणि व्यापारी या कुत्र्यांकडून गुरं हाकून घ्यायचे, मालाच्या गाड्या ओढून घ्यायचे आणि वाटेत राखणही करून घ्यायचे. पुढे गुरांची ने-आण रेल्वेने व्हायला लागली, कुत्र्यांचं काम गेलं आणि जात जवळजवळ संपत आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांच्या कामात ती उपयोगी पडायला लागली म्हणून तगली. १९२१ मध्ये जर्मनीत तिचा राष्ट्रीय क्लब झाला. अडून बसलेला बैल हलवायचा तर अंगाने रेटावं लागतं, आणि तो उलटला तर मालकाकडे न बघता काय करायचं ते ठरवावं लागतं. सईच्या कमरेत ते सगळं होतं.

बुलमॅस्टिफचं काम रात्रीचं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या रानांत चोरून शिकार चालायची. शिक्षा कडक, त्यामुळे सापडलेला चोर रखवालदाराच्या जिवावर उठायचा. रखवालदारांना असं कुत्रं हवं होतं जे अंधारात भुंकणार नाही, पळत्या माणसाला गाठून पाडेल आणि माणसं येईपर्यंत नुसतं दाबून ठेवेल, फाडणार नाही. मॅस्टिफ त्या कामाला संथ पडायचा, त्या काळचा बुलडॉग फार तापट. म्हणून दोघांचा संकर केला, साठ टक्के मॅस्टिफ आणि चाळीस टक्के बुलडॉग. रात्री दिसू नये म्हणून गडद पट्टेरी रंगाला पसंती असायची. १९२४ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने ही स्वतंत्र जात मानली.

बंडू वर्षातून मोजून चार-पाच वेळा भुंकतो. एका रात्री फाटक नीट लागलं नव्हतं आणि वाट चुकलेला एक माणूस आत आला. मला ऐकू आली ती त्याचीच हाक, “अहो, कुणी आहे का घरात?” बाहेर येऊन बघते तर बंडू त्याच्यापुढे आडवा उभा, डोकं खाली, दात झाकलेले. तो माणूस डावीकडे सरकला की बंडू डावीकडे, उजवीकडे सरकला की उजवीकडे. मी नाव घेतलं तेव्हा सावकाश बाजूला झाला. सई असती तर फाटकाला हात लागायच्या आधीच सगळ्यांना जाग आली असती.

म्हणून कुणी येतंय हे आधी कळावं एवढीच गरज असेल तर बुलमॅस्टिफकडून ती पुरी होईलच असं धरून चालू नका. आणि दोघांपैकी कुणालाही गंमत म्हणूनसुद्धा “छू” करायला शिकवू नका. राखण त्यांच्या रक्तात आहे. आपण शिकवायचं ते थांबणं. पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत त्याने जितकी वेगवेगळी माणसं, मुलं, छत्र्या, सायकली शांतपणे बघितल्या असतील तितकं ते पुढे भरवशाचं होतं. रॉटवायलरच्या पिल्लांना पार्व्होचा, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूचा, धोका जास्त असतो, त्यामुळे लसी पुऱ्या होईपर्यंत ही फिरती कडेवर घेऊनच करावी. मी सईला तशीच हिंडवली.

रोजचा वेळ हा मोठा प्रश्न आहे आणि लोक त्याचं खरं उत्तर स्वतःलाच देत नाहीत. सईला सकाळी तासभर चालणं लागायचं आणि संध्याकाळी डोक्याला काम. लपवलेली वस्तू वासावरून शोधणं, सांगितलेली वस्तू आणून देणं, लांबून हात दाखवला की बसणं. दोन दिवस खंड पडला की ती स्वतःच काम काढायची, आणि ते आपल्याला नको असलेलंच असायचं. बंडूला उन्हं चढण्याआधी अर्धा तास पुरतो. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली की तो खाली बसतो आणि माझ्याकडे बघत राहतो. त्याला दोनदाच सांगायचं आणि तिथेच शाबासकी देऊन थांबायचं, हे शिकायला मला वर्ष गेलं. आखूड तोंडामुळे धापेने अंग थंड करणं त्याला नीट जमत नाही, म्हणून उन्हात त्याला अजिबात दमवायचं नाही. लाळ भिंतीवरही उडते. एक फडकं कायम खांद्यावर असतं माझ्या.

आता अंगावर काटा आणणारी गोष्ट. बंडू चार वर्षांचा असताना एका रात्री साडेदहाला उठून अंगणात गेला आणि ओकायला लागला. आवाज पोटातून येत होता, पण बाहेर काहीच पडत नव्हतं, नुसती फेसाळ लाळ. बसायचा, लगेच उठायचा, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायचा. बरगड्यांच्या मागे बोटाने टिचकी मारली तर ढोलासारखं वाजलं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत असं होतं. जठर वायूने फुगतं, स्वतःभोवती पीळ घेतं, रक्तपुरवठा अडतो, आणि हातात काही तासच राहतात. पहिल्या दवाखान्यातून फोनवर उत्तर आलं, “अपचन असेल, सकाळी आणा.” मी ऐकलं नाही. भावाने आणि मी त्याला जाड चादरीवर घेतलं आणि चार टोकं धरून गाडीत चढवलं. अठ्ठावन्न किलो. चादर मध्येच फाटायला लागली तेव्हा भावाने खालून हात घातला. दुसरीकडे रात्रीच शस्त्रक्रिया झाली. पीळ सोडवला आणि जठर पोटाच्या भिंतीला शिवून टाकलं, म्हणजे ते पुन्हा पीळ घेणार नाही. हे शिवणं नसबंदीच्या वेळीच आधी करून घेता येतं, हे मला त्या रात्री कळलं. तुम्ही मात्र पिल्लू आणतानाच डॉक्टरांना त्याबद्दल विचारा, रॉटवायलर असला तरीही. आणि दिवसाचं खाणं एकदम न देता दोन-तीनदा विभागून द्या.

सई नऊ वर्षांची झाल्यावर पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागली. मुरगळला असेल म्हणून आम्ही दहा दिवस घालवले. एक्स-रेमध्ये हाडाचा कर्करोग निघाला. रॉटवायलरमध्ये तो बराच आढळतो, आणि वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये त्याचं प्रमाण जास्त दिसलेलं आहे. सईची नसबंदी आठव्या महिन्यात झाली होती. तिला तो त्यामुळेच झाला असं म्हणता येणार नाही, पण नसबंदी कधी करायची यावर डॉक्टरांशी सविस्तर बोलायला हवं होतं, ते मी बोलले नाही. रॉटवायलर साधारण नऊ-दहा वर्षं जगतो, बुलमॅस्टिफ सात ते नऊ. बंडूच्या तोंडाभोवती पांढरं आलंय.

पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्याने रॉटवायलर घेऊच नये, असं सरसकट सांगतात. मला ते पटत नाही. रोज दोन तास देणारा नवखा माणूस तो नीट सांभाळेल, वेळ नसलेला अनुभवी माणूस नाही सांभाळणार. बुलमॅस्टिफबद्दल मी वेगळं विचारते. घरात पन्नास-साठ किलोंचं जनावर उचलू शकतील अशी दोन माणसं आहेत का? रात्री साडेदहालाही? नसतील तर रॉटवायलरची मादी बघा, ती निदान चाळीसच्या आसपास असते.

पिल्लू आणल्यावर पायांना बळ यावं म्हणून वरून कॅल्शियम देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाणं असेल तर ते पुरतं, जादा कॅल्शियमने वाढती हाडं बिघडतात. आणि ब्रीडरकडे गेलात की पिल्लांआधी त्यांची आई दाखवायला सांगा. तिच्या कमरेच्या सांध्याचा एक्स-रे मागा. तुम्ही आत आल्यावर ती काय करते ते पाच मिनिटं नुसतं बघत बसा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर पिल्लू मांडीवर घ्यायच्या आधीच उठा, कारण एकदा ते मांडीवर आलं की उठवत नाही.