टोल खोटा द्यायचा नाही

शाळेच्या ग्रुपवर जयंतीच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागणारं पत्र आलं तेव्हा मी कोल्हापुरात मोरेवाडीला चित्रनगरीत सेटवर होतो, दोन शॉटच्या मधे लाइट बदलत होते तेवढ्यात वाचलं आणि पुढचा अर्धा तास डोक्यात फक्त ड्रॉइंगचा हॉल. पत्रात पाचशे शब्द म्हटलंय, माझे त्यात बसणार नाहीत, संपादकांनी सांभाळून घ्यावं. इमारत, ग्राउंड, दहावीचे निकाल याबद्दल बाकीचे लिहितीलच. मी फक्त ड्रॉइंगच्या सरांबद्दल लिहिणार आहे.

मी फोकस पुलर आहे. म्हणजे शॉट चालू असताना लेन्सची रिंग फिरवून नटाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवायचा, नट दोन पावलं पुढे आला की रिंगपण तेवढीच फिरली पाहिजे, कमी नाही जास्त नाही. हे काम मी कोर्समधे शिकलो असं लोकांना वाटतं. मी ते शिकलो आपल्या शाळेच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, जिथे शाळा भरल्या-सुटल्याचा टोल द्यायचा लोखंडी रूळ टांगलेला असायचा.

२००४ चा जानेवारी, मी नववीत. वर्गातल्या एकाच्या काकांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता आणि पौषात मुहूर्त नसल्यामुळे त्यांचा हँडीकॅम घरी पडून होता. सरांना हे कळल्यावर ते स्वतः सायकलवरून काकांच्या घरी गेले आणि तीन आठवड्यांसाठी कॅमेरा मागून आणला, सोबत साठ मिनिटांची एकच मिनी डीव्ही टेप. गॅदरिंगला नाटकाऐवजी फिल्म दाखवायची असं त्यांनी ठरवलं. विषय पण त्यांचाच, टोल देणारे शाळेचे शिपाई मामा. एका छोट्या मुलाला रोज उशीर होतो आणि मामा त्याच्यासाठी टोलाचा हात क्षणभर थांबवतात, एवढीच गोष्ट.

कॅमेरा हातात घ्यायच्या आधी सरांनी आम्हाला चालत खरी कॉर्नरला नेलं, कॅमेरा स्तंभापाशी. तिथून आपण सगळेच हजारदा गेलोय पण थांबून बघत कोण होतं. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० मधे त्यावर सैरंध्री हा सिनेमा काढला हे सर असं सांगत होते जणू काल शेजारच्या गल्लीत घडलंय. "नाव काय त्यांचं? पेंटर. चित्र काढणारा माणूस कॅमेऱ्यामागे गेला. फ्रेम म्हणजे तुझा ड्रॉइंगचा कागदच आहे, कुठं मोकळं सोडायचं ते आधी ठरव."

काकांनी झूम कसा करायचा ते शिकवून पाठवलं होतं, आम्ही दिसेल त्यावर झूम इन झूम आउट करत सुटलो होतो. सरांनी पहिल्याच दिवशी झूमचं बटण बंद करायला लावलं. जवळचं पाहिजे तर पायाने जवळ जा. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, आज झूम वापरायचा, आणि आम्हाला ग्राउंडच्या पार टोकाला नेलं. तिथून पूर्ण झूम करून बघितलं तर मामा आणि त्यांच्या मागे लांब असलेलं ऑफिसचं घड्याळ एकमेकांना चिकटून उभे, मामांच्या खांद्यावरच घड्याळ ठेवल्यासारखं! तेव्हा त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या अमृतमंथन सिनेमाची गोष्ट सांगितली, १९३४ मधे व्ही. शांतारामबापूंनी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून त्यातल्या राजगुरूचा नुसता डोळा पडदाभर दाखवला होता. लांबून बघायचं का जवळून, यालापण कारण पाहिजे.

मामा आणि तो मुलगा बोलतात त्या सीनला आम्ही चूक केली. एक शॉट व्हरांड्याच्या या बाजूने, दुसरा त्या बाजूने, आणि टीव्हीला जोडून बघितलं तर दोघंही उजवीकडेच बघतायत, एकमेकांशी बोलतायत असं वाटेचना. सरांनी मामांच्या पायापासून मुलाच्या पायापर्यंत खडूने रेघ ओढली आणि म्हणाले ही लक्ष्मणरेषा, कॅमेरा हिच्या एकाच अंगाला राहील. पुढे कोर्सला हाच नियम फळ्यावर मोठ्या आकृतीसकट शिकवला तेव्हा मला ती व्हरांड्यातली फरशीच दिसत होती.

पण खरी गोष्ट टोलाचीच.

टोलाचा शॉट जवळून घ्यायचा होता. आम्ही म्हटलं सर, शाळा सुटल्यावर मामांना पाच-सहा वेळा टोल द्यायला लावू, हवे तेवढे टेक मिळतील. सर नाही म्हणाले. "टोल खोटा द्यायचा नाही. टोल ऐकून पोरं पळतात, आसपासच्या बायका घड्याळ लावतात. वाजेल तेव्हाच घ्या." म्हणजे दिवसाला सकाळच्या उन्हातला एकच टोल, पावणेअकराचा, आणि एकच टेक. चुकला की उद्या.

रोज कॅमेरा त्याच जागी आला पाहिजे, नाहीतर शॉट जुळायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी जमिनीवर खडूच्या खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर मामांनी सकाळीच अंगण झाडून सडा मारलेला, खुणा गायब. सरांनी खिशातून सुतळी काढली. फूटपट्टीने मोजून दर फुटाला गाठ मारली, एक टोक झाडाच्या खिळ्याला आणि सातव्या गाठीवर ट्रायपॉडचा पुढचा पाय. उंचीसाठी वेगळी सुतळी. त्या कॅमेऱ्याचा ऑटो फोकस मामांचा हात फ्रेममधे आला की गोंधळायचा, रूळ सोडून हातामागे जायचा. मग एका पोराने रुळापाशी वर्तमानपत्र धरायचं, मी पूर्ण झूम करून त्यातली अक्षरं स्पष्ट होईपर्यंत फोकस लावायचा, तो मॅन्युअलवर कुलूप केल्यासारखा ठेवायचा आणि मग झूम मागे घ्यायचा. मामांचा चेहरा आकाशापुढे काळा पडायचा म्हणून उजेड परतवायला खालून गणपतीच्या मखराचा थर्मोकोल धरायचा. एवढं सगळं सात सेकंदांच्या शॉटसाठी, रोज.

चौथ्या दिवशी तो शॉट मिळाला. लोखंडावर लोखंड बसलं, रुळावरची धूळ उन्हात उडाली आणि मामांची मनगटाची शीर ताठ झालेली दिसली. सगळ्यांना दाखवायला मी टेप मागे घेतली. सगळ्यांनी बघितला, टाळ्या वाजवल्या, आणि टेप पुन्हा शेवटापर्यंत पुढे न नेता मी पुढचा शॉट घेतला. धूळ उडायच्या जरा आधीपासून पुसलं गेलं. पंचवीस फ्रेमचा एक सेकंद म्हणतात, माझे चार सेकंद गेले, शंभर फ्रेम.

मला रडू आवरेना. सर ओरडले नाहीत. ते अंगणात माझ्याशेजारी खाली बसले, सुतळी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्या पावणेअकराला टोल आहे की." बास. त्यानंतर आणखी पाच दिवस लागले. एक दिवस ढग, एक दिवस मामा रजेवर. मिळालेला शॉट पहिल्याइतका चांगला नाही हे मला अजून दिसतं, पण धूळ आहे.

एडिटिंग एका सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर रात्री केलं, टेप उतरवायलाच तेरा जीबी जागा लागली आणि मालकाने त्यासाठी गेम उडवले. फिल्म झाली सात मिनिटांची. २५ जानेवारीच्या संध्याकाळी ग्राउंडवर पांढऱ्या पडद्यावर लावली तेव्हा मामा पहिल्या ओळीत बसले होते आणि पडद्यावर टोल पडल्यावर सवयीने उठून उभे राहिले.

आज माझ्याकडे लेझरने अंतर मोजणारं यंत्र आहे, वायरलेस फोकस आहे, मालिकेला रोज वीस-बावीस मिनिटांचं फुटेज काढावं लागतं, दोन दोन कॅमेरे चालू असतात आणि टेक चुकला तर लगेच दुसरा. मागच्या वर्षी एका माहितीपटाला पहिल्यांदा कॅमेरामन म्हणून माझं नाव लागलं, ते सरांना घरी जाऊन दाखवून आलो. नवीन मुलं सेटवर येतात ती मोबाइलवर पन्नास टेक घेऊन आलेली असतात, हुशार असतात, पण एक टेक चुकला तर उद्यापर्यंत थांबायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं याचं वाईट वाटतं. शाळेत आता इलेक्ट्रिक बेल आहे. कडुनिंब आहे, रूळ काढलाय, खिळा अजून आहे, मी जाऊन बघितला.

जयंती समितीला एक विनंती. ती टेप माझ्याकडे आहे, चालवायला जुना कॅमेरा शोधून मी ती उतरवून घेतली आहे, दोन ठिकाणी चित्र फुटतं पण टोल स्वच्छ आहे. मुख्य कार्यक्रमात सात मिनिटं द्या. मामांच्या घरच्यांना बोलवा. आणि सरांना पहिल्या रांगेत डाव्या टोकाच्या खुर्चीवर बसवा, त्यांना आता डाव्या डोळ्याने दिसत नाही, तिथून पडदा त्यांच्या उजव्या हाताला येईल.