इमारत कशाला म्हणायचं?

बाबा गेले त्या सकाळी दहनाआधीचा फॉर्म माझ्यापुढे आला. त्यात विचारलं होतं, शरीरात पेसमेकर आहे का? मला इतकं लागलं की पेन खालीच ठेवलं. ज्या यंत्राने त्यांना सांभाळलं, त्याची ही अशी चौकशी! पुढे कळलं, भट्टीतल्या 800 अंशांपलीकडच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते. भट्टीचं नुकसान होतं, समोर काम करणाऱ्याला इजा होऊ शकते. तो प्रश्न त्या माणसासाठी होता.

तेव्हापासून दहनाचे कायदे वाचतेय. कायद्याच्या कागदांचं भाषांतर हे माझं रोजचं काम, त्यामुळे नजर आधी व्याख्येवर जाते. ब्रिटनच्या 1902 च्या कायद्यात दहनगृह म्हणजे मानवी अवशेष जाळण्याची साधनं बसवलेली कोणतीही ‘बिल्डिंग’. राहत्या घरापासून 200 यार्डांच्या आत ते बांधायचं तर त्या घरच्यांची लेखी संमती हवी. त्याआधी, 1884 मध्ये, विल्यम प्राइस या वेल्समधल्या डॉक्टरांनी आपल्या तान्ह्या मुलाचं दहन करू पाहिलं आणि खटला झाला. न्यायमूर्ती स्टीफन यांनी ठरवलं, लोकांना उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणं हा गुन्हा नाही.

पण मी अडकले ती ‘बिल्डिंग’पाशी. न्यूकॅसलच्या दविंदर घईंना आपलं दहन उघड्या चितेवर, नैसर्गिक अग्नीत व्हावं असं वाटत होतं. नगरपालिकेने नकार दिला, 2009 मध्ये उच्च न्यायालयातही ते हरले. भिंतींच्या आतली चिता त्यांना चालणार होती, म्हणून अपिलात प्रश्न उरला एवढाच : भिंती आहेत, पण छताला मोठं उघडं भोक आहे, अशा बांधकामाला बिल्डिंग म्हणायचं का? 2010 मध्ये अपील न्यायालय म्हणालं, म्हणता येईल, या शब्दाचा अर्थ इतका आखूड नाही. बांधकामाची परवानगी, धुराचे नियम हे सगळं बाकी राहिलंच, पण त्यांच्या इच्छेला जागा मिळाली. ते वाचताना मला भरून आलं. मी ‘इमारत’ लिहिलं असतं, तर छताचं भोक बुजवून टाकलं असतं. आता माझ्या भाषांतराच्या मसुद्यात ‘वास्तू’ लिहिलंय, तरी मन पुरतं मानत नाही.

आता पाण्याची पद्धत आली आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात शरीर विरघळतं, हाडं उरतात, ती वाळवून दळतात. अमेरिकेत मिनेसोटाने 2003 मध्ये तिला मान्यता दिली. काही राज्यांनी ‘दहना’ची व्याख्याच ताणून तिला आत घेतलं. वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये तिला आणि शरीराची माती करण्याच्या पद्धतीला वेगवेगळी नावं दिली. मला हे दुसरं पटतं. त्या सकाळी फॉर्मपुढे बसलेलं माणूस कायदा उघडून व्याख्या बघत नाही. कागदावर ‘दहन’ वाचलं की ते आगच समजणार, आणि सही करणार.