भरपाईचे बाण

फेब्रुवारी २०१६ मध्ये दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा गुवाहाटी आणि शिलाँग अशा दोन शहरांत झाल्या. तिरंदाजी शिलाँगला होती आणि मी पंचांच्या गटात होतो.

रिकर्व्हच्या, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याच्या प्रकाराच्या, रँकिंग राउंडमध्ये (क्रमवारी ठरवणाऱ्या फेरीत) प्रत्येकाला ७० मीटरवरून ७२ बाण मारायचे असतात. निम्मे बाण होऊन गेले असतील. भूतानचा एक कोवळा तिरंदाज दोरी ताणता ताणता थांबला, रेषेवरून मागे आला आणि त्याने हात वर केला. जाऊन पाहिले तर खालच्या लिम्बला, म्हणजे धनुष्याच्या लवचिक पात्याला, चीर गेलेली. तसेच ताणले असते तर ते हातात फुटले असते.

साहित्य बिघडले तर रँकिंग राउंडमध्ये दुरुस्तीला आणि राहिलेल्या बाणांच्या भरपाईला पंधरा मिनिटांची मुभा होती. भारतीय पथकात अशा वेळी खेळाडू मागे वळतो आणि जुळवून ठेवलेले दुसरे धनुष्य उचलतो. इथे प्रशिक्षक एकेक बॅग उघडत होते. शेवटी निघाली ती सगळ्या संघात मिळून ठेवलेली लिम्बची एक जादा जोडी, तीही कमी पौंडांची. धनुष्याचा जोर बदलला की साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बदलावी लागते, आणि त्या धनुष्यासाठी निवडलेले बाणही वेगळे वागू लागतात. आणि सरावाचा एकही बाण मिळत नाही.

बाकीचे गुण लिहून परतले. मैदान मोकळे झाले. तो एकटा रेषेवर उभा राहिला आणि मी घड्याळ घेऊन मागे. पहिला बाण पार खाली, सर्वांत बाहेरच्या पांढऱ्या पट्ट्यात. त्याने साइट सरकवली. दुसरा काळ्यात, तिसरा लाल रंगाला टेकला. दुर्बिणीला डोळा लावून बसलेली त्याची संघसोबतीण प्रत्येक बाणाची जागा त्यांच्या भाषेत सांगत होती. चौथा आणि शेवटचा अगदी मधल्या पिवळ्यात गेला, तेव्हा मागे उभ्या भूतानच्या खेळाडूंनी हात धरून दोन पावले टाकली आणि एक ओळ गायली. मी थांबवले नाही. त्रास व्हावा असे रेषेवर दुसरे कोणी नव्हते.

त्यांच्याकडे तिरंदाजी हा राष्ट्रीय खेळ आहे. गावच्या सामन्यात जवळपास १४५ मीटरवर लाकडाची छोटीशी फळी उभी करतात आणि बाण लागला की तिथेच गाणे, नाच. १९८४ साली लॉस एंजेलिसला भूतान पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा त्याचे सहाही खेळाडू तिरंदाजच होते. इतका जुना हात असलेल्या देशाकडे जादा लिम्बची एकच जोडी असावी, हे मला त्या दिवशी फार लागले.

तिरंदाजीतली सगळी सुवर्णपदके भारताने नेली. भूतानला सर्व खेळांत मिळून १६ पदके मिळाली, त्यांत सुवर्ण एकही नाही. पदकतक्त्यात शेवटच्या ओळींत असलेल्या देशाला आपण सहज ‘सहभागापुरते आलेले’ म्हणून टाकतो. मला ते मान्य नाही. आठ लाखांच्याही आत लोकसंख्या असलेल्या देशाला घरी तुल्यबळ प्रतिस्पर्धी कितीसे मिळणार? वारा, घड्याळ, शेजारी उभा परका खेळाडू, या सगळ्यांची सवय अशाच स्पर्धांतून होते.

पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकच्या पात्रता स्पर्धेत भूतानच्या कर्मा या महिला तिरंदाजाने टोकियो ऑलिंपिकची जागा मिळवली. त्याआधी भूतानचे खेळाडू निमंत्रणाच्या जागेवर जात. स्वतःच्या बळावर पात्र ठरलेली ती पहिलीच. टोकियोत पहिल्याच फेरीत तिची गाठ दीपिका कुमारीशी पडली आणि ती ०-६ ने हरली. मी तो सामना टीव्हीवर पाहिला. दीपिकाच्या विजयाचा आनंद झाला, पण माझे लक्ष बराच वेळ दुसऱ्या लक्ष्याकडे होते.

बँकॉकनंतर महिन्याभरातच नेपाळमध्ये दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. भारतीय तिरंदाजी संघटनेच्या निलंबनामुळे भारताचे तिरंदाज तिथे नव्हते. दहाही सुवर्णपदके बांगलादेशाने जिंकली, पण वैयक्तिक रिकर्व्हच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही अंतिम सामन्यांत समोर भूतानचेच खेळाडू होते.

त्यानंतर ही स्पर्धा वर्षानुवर्षे लांबणीवर पडत राहिली. भारताच्या तिरंदाजांना विश्वचषकाच्या फेऱ्या आहेत, आशियाई स्पर्धा आहेत, भरगच्च राष्ट्रीय वेळापत्रक आहे. भूतानच्या राजधानीत, थिंफूत, आज सोळा-सतरा वर्षांची जी मुले ७० मीटरवर सराव करतात, त्यांची सुरुवातीची वर्षे मात्र या स्पर्धेविना चालली आहेत.